वाघाची जागा

भीमाशंकरहून परतणारी एसटी आमच्या वाडीच्या फाट्यावर थांबलीच तर नवल. आत भाविक दाटीवाटीनं बसलेले, मांडीवर प्रसादाच्या पिशव्या. हात दाखवणाऱ्या गावकऱ्याकडे ड्रायव्हर ढुंकून बघत नसे. म्हणून त्या सकाळी आबा सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खांद्यावर माझी नवी कोरी सॅक. तिचे पट्टे कुठं अडकवायचे ते न कळल्यामुळे त्यांनी ती भाताच्या पोत्यासारखी आडवी टाकली होती. ब्रेक करकचून लागले आणि ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"मरायचंय का, बाबा?"

"मरायचं न्हाई. पोरगं फारिनला चाललंय," आबा म्हणाले.

"मग इमानानं जाऊ द्या की! एसटी कशाला आडवताय?" कंडक्टर म्हणाला आणि सगळी बस हसली. पण दार उघडलं.

त्या गडबडीत माझ्या तोंडून "जातो" असं निघून गेलं. आई खिडकीशी आली होती. नाचणीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी बांधलेलं फडकं तिनं आत दिलं आणि खिडकीचा गज धरून ठेवला. "जातो म्हनू नये रं! येतो म्हन." बस हलली. मी "येतो, येतो" म्हणालो, पण ते तिच्यापर्यंत पोचलं की इंजिनाच्या आवाजात गेलं, कोण जाणे. आबा चार पावलं बसबरोबर चालले आणि ओरडले, "वाघाची जागा तशीच ठिवतो तुजी!" शेजारच्या बाईंनी प्रसादाची पिशवी छातीशी धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू वाघ माझ्या सॅकमध्येच आहे.

तुमच्यापैकी जे त्या डोंगरातच राहिले त्यांना ही वाघाची जागा समजावून सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि ज्यांची पोरं आता दिवाळीला टीव्हीसमोर बसतात, त्यांच्यासाठी सांगतो. आश्विनातल्या वद्य बारशीला, दिवाळीच्या तोंडावर, आमच्याकडे वाघबारस असते. बिबट्याला आम्ही वाघच म्हणतो. त्या दिवशी गुराखी घरोघरून तांदूळ, गूळ आणि दूध गोळा करतात आणि शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी खीर शिजवतात. नैवेद्य झाला की एकाला वाघ करायचं, एकाला अस्वल, एकाला कोल्हा. वाघाच्या तोंडाला गेरू, त्यावर कोळशाचे पट्टे, कमरेला घोंगडं. मग गुराख्यांतला वडीलधारा काठी आपटून विचारतो, "येशील का आमच्या शिवंला?" वाघानं म्हणायचं, "न्हाई येनार!" की सगळे हाकारे घालत त्याला शिवेबाहेर पिटाळतात. वाघ "न्हाई" म्हणेस्तोवर विचारत राहायचं, हा नियम. त्याच्या त्या एका शब्दावर वाडीची सगळी गुरं वर्षभर राखलेली असतात.

अस्वल आणि कोल्हा कुणीही होतं. वाघ मात्र आमच्याच घरातला लागतो. का, ते कुणाला ठाऊक नाही. जमीन इतरांची जास्त, मान आमचा मोठा. आधी आबा वाघ होत. त्यांचा गुडघा धरला तेव्हापासून ते विचारायच्या जागेवर गेले आणि वाघाच्या जागेवर मी आलो. मी एकुलता. शाळेत कधी वर्गाचा मॉनिटरसुद्धा झालो नाही, पण वर्षातून एक दिवस अख्खी वाडी माझ्या मागे काठ्या घेऊन धावायची, आणि ते सुख मी कुणाबरोबर वाटून घ्यायला तयार नव्हतो.

एसटीत चढलो तेव्हा त्या वर्षीची वाघबारस नुकतीच झाली होती. कानामागं थोडा गेरू राहिला होता, तो पुण्याला पोचल्यावर मावशीनं पाहिला. आई पुढं फोनवर बरेच दिवस म्हणत राहिली, "वाघाच्या तोंडानं का व्हईना, पोरगं न्हाई येनार म्हनलं. आन् वर जाताना जातो म्हनलं." दोन्ही तिच्या मनाला लागून राहिलं होतं.

मी निघालो होतो खारींच्या मागं. हे ऐकून आमचे पिंपरी पेंढारचे मामा म्हणाले होते, "खारी बघाया फारिनला? भीमाशंकरात काय कमी हायेत?" प्रश्न बिनतोड होता. शेकरू ही आमची मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार, आणि भीमाशंकरचं अभयारण्य तिच्याच नावानं ओळखलं जातं. हिरडे गोळा करायला आईबरोबर रानात जायचो तेव्हापासून शेकरूची घरटी मला ठाऊक होती. पुण्यात प्राणिशास्त्र शिकलो तेही तिच्यापायीच. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेकरूवर काम करायला मला इथं कुठं जागा मिळेना, आणि तिकडे बोर्निओ बेटावर, मलेशियातल्या सारावाकमध्ये, शेकरूच्या एका फिकट रंगाच्या भाऊबंदावर काम करायला माणूस हवा होता. उंच झाडावर चढता येणारा आणि जळवांना न भिणारा. दोन्ही अटींत मी बसत होतो. घरची सोन्यासारखी खार सोडून मी परक्याची पांढुरकी खार बघायला गेलो.

रानातलं काम म्हटलं की लोकांना गळ्यात दुर्बीण घातलेला माणूस दिसतो. खरं काम निम्मं हमालीचं आणि निम्मं कारकुनीचं. आधी कुचिंग शहरातल्या जंगलखात्याच्या ऑफिसात जाऊन परवान्यावर शिक्के घ्यायचे, त्याच्या झेरॉक्स काढायच्या, आणि एका साहेबाची सही राहिली म्हणून परत जायचं. मग सामान. तांदूळ दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायचा, मासळीचे डबे, नूडल्सची पाकिटं, टॉर्चचे सेल, बोटीच्या इंजिनाला पेट्रोलचा पिंप. बसनं नदीकाठच्या बाजारगावापर्यंत, आणि तिथून लांबट होडीनं नदी चढत वर. पाणी कमी असलं की उतरून होडी ढकलायची. पाणी जास्त असलं की काठावर बसून सामान राखायचं. कांदे सडायचे, लसणाला कोंब फुटायचे, आईनं दिलेल्या हिरड्याच्या पुडीला बुरशी यायची.

तिथल्या दमट हवेत सगळ्यात लाडाकोडात ठेवावी लागे ती दुर्बीण. तिच्या काचेत बुरशी गेली की संपलं. म्हणून ती बंद डब्यात ठेवायची आणि डब्यात सिलिका जेलचे निळे दाणे. ओल पिऊन ते गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजायचे, परत निळे होईस्तोवर. रोज संध्याकाळी मी चुलीपाशी बसून ते दाणे भाजायचो आणि शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, हे कधी खायचं. पहाटे गुडघ्यापर्यंत जाड कापडाचे मोजे चढवायचे, त्यांना तंबाखूचं पाणी चोळायचं, तरी जळवा आत शिरायच्याच. मग एखाद्या झाडाखाली उताणं पडून वरच्या घरट्याकडे बघत राहायचं. खार बाहेर आली, खार खाते आहे, खार झोपली. आबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे तू बी झोपलेलाच की!"

राहायला मी एका इबान कुटुंबात होतो. इबान लोकांची अख्खी वाडी एकाच लांबलचक घरात राहते. एका आढ्याखाली ओळीनं दारं, आणि पुढं सगळ्यांची मिळून एक ओटी. घरधनिणीला सगळे इंदाई म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो. मी रानातून आलो की तिचा पहिला प्रश्न, "सुदाह माकान?" जेवलास का? नाही म्हटलं की ताट समोर. त्यात बारीक वाळकी मासळी असायची, मिरचीत परतलेली. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं आलं असं मी सांगितलं, पण ती चव सरळ आमच्या आठवडे बाजारातल्या सुकटीची होती.

इंदाईचा मुलगा लांब, समुद्रापार जोहोरमध्ये, जहाजांच्या कारखान्यात कामाला होता. त्याची झोपायची जागा मला दिलेली. त्याचे काळे रबरी बूटही मला बरोबर बसले, आणि चिखलात त्यांच्यासारखे बूट नाहीत. मी इंदाईची लाकडं वाहायचो, तिच्या डोंगरउतारावरच्या भातात पाखरं हाकायला जायचो. ती लोकांना सांगायची की हा इंडियातून आलेला मुलगा आळशी नाही. परक्या ठिकाणी आपलं कौतुक झालं की माणूस फुगतो. मीही फुगलो होतो.

मग त्यांचा सुगीचा सण आला, गवाई. मुलगा सुट्टी काढून घरी आला. दारातच त्यानं आपले बूट पाहिले, माझ्या पायांतून नुकतेच काढलेले, ओले. खाली बसून त्यानं ते पायात घातले आणि सणभर काढले नाहीत. नवे कपडे, खाली चिखलाचे रबरी बूट. जेवताना तो नेमका इंदाईच्या आणि माझ्या मधे येऊन बसायचा. तिनं माझ्या ताटात मासा वाढला की लगेच आपलं ताट पुढं करायचा. आणि परत जाताना बूट घेऊन गेला! जहाजांच्या कारखान्यात त्याला त्यांचा काय उपयोग होता? माणूस किती कोत्या मनाचा असावा, असं मला तेव्हा वाटलं. तू नसताना तुझ्या आईची लाकडं वाहिली मी, आणि बुटांवरून तोंड फिरवतोस?

हे मी अगदी मनापासून म्हणत होतो, कारण क्लारा अजून आमच्या घरी पुरती रुळायची होती.

क्लारा ही जर्मनीची संशोधक. तिला भीमाशंकरात शेकरूवर काम करायचं होतं. मला न मिळालेली जागा तिला मिळाली होती, हा पहिला काटा. पुण्याच्या माझ्या सरांनी विचारलं, तिकडे कुणाकडे राहायची सोय होईल का? मी उत्साहानं कळवलं, आमच्याकडेच राहू दे की, आईला सोबत होईल. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो असा.

त्या काळी आमच्या वाडीत फोन नव्हता. बाजाराच्या दिवशी आई-आबा घोडेगावला यायचे, एसटीडी बूथवर बसायचे, आणि मी नदीकाठच्या बाजारगावातून फोन लावायचो. सामान आणायला मी महिन्याकाठी खाली यायचो, तोच आमच्या बोलण्याचा दिवस. आधी ती "ती बाई" होती. पुढच्या फोनला "कलाबाई" झाली. त्याच्या पुढच्याला नुसती "कला".

"कला लई गुनाची हाय," आई म्हणाली. "ठेचा खाती. डोळ्यांतनं पानी काढती पन ताटात ठिवत न्हाई."

"झोपते कुठं?"

"माळ्यावर, तुज्या जागंला. तुजी गोधडी दिली, थंडी व्हती."

चैत्रात कसली थंडी? पुढच्या फोनला कळलं की कलानं भाताची आवणी केली. चिखलात उतरून, वाकून, सगळ्या बायकांबरोबर. "तुज्यापरीस सरळ लावती," आई म्हणाली. "तुजी ओळ म्हंजे नागमोडी." नंतरच्या फोनला आबांनी सांगितलं, देवराईतलं जांभूळ तिला दाखवलं. ते जांभूळ! त्याच्या शेंड्याला दरसाल शेकरूचं घरटं असायचं, आणि मी लहान असताना आबांनी ते फक्त मला दाखवलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून. आबांना विचारलं तर म्हणाले, "अरं, तिला शेकरू बघायाचंच काम हाय. मंग काय झाड लपवून ठिवू?" हेही बिनतोड होतं. आमच्या घरात सगळे बिनतोडच बोलतात.

क्लाराचा ई-मेलही आला. तुझ्या घरची माणसं किती प्रेमळ, तुझ्या जांभळावर यंदा पिल्लू आहे, तुझे कसे आभार मानू. कुचिंगच्या सायबर कॅफेत बसून मी उत्तर लिहिलं की वाचून फार आनंद झाला. मग रानात परत गेलो आणि त्या संध्याकाळी सिलिका जेलचे दाणे तव्यावर इतके भाजले की ते काळे पडून वाया गेले. इंदाईनं तवा हातातून काढून घेतला आणि विचारलं, जेवलास का?

तुम्ही म्हणाल, एवढं काय? आई-बापाला सोबत मिळाली, आनंद माना. मी तोही मानत होतो. पण मनात एकाच वेळी दोन गोष्टी मावतात, आणि दुसरी पहिलीपेक्षा जागा जास्त घेते. मला राग गोधडीचा नव्हता. मी नसताना माझ्या जागा एकेक करून भरत होत्या आणि त्या भरायला कुणालाच जड जात नव्हतं, याचा होता. एक जागा तेवढी उरली होती. तिची मला खात्री होती, कारण तसा शब्द आबांनी भररस्त्यात दिला होता.

दिवाळीनंतरच्या फोनला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा वाघ कोण झालं?"

"कला झाली," आबा म्हणाले.

फोनचं मीटर पळत होतं.

"आपल्याच घरातलं मानूस लागतं न्हवं?" आबा म्हणाले. "माजा गुडघा ह्यो असा. तू तिकडं. मंग ती घरातलीच की."

आईनं फोन ओढून घेतला, तिला पुढची गंमत सांगायची घाई झाली होती. आल्या दिवसापासून तिनं कलाला शिकवलं होतं, घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. पोरीनं ते इतकं मनावर घेतलेलं की दूध घालायला निघाली तरी म्हणायची, "आई, येते हं!" आता शिवेवर आबांनी काठी आपटून विचारलं, येशील का आमच्या शिवंला? तर तोंडाला गेरू फासलेली कला हात जोडून म्हणाली, "येते हं!" अख्खी वाडी लोळून हसली. आबांनी परत विचारलं. परत "येते, येते." तिला वाटलं, म्हातारा निरोप घेतोय. आबा विचारत राहिले, शेवटी काठी टाकून म्हणाले, "न्हाई म्हन गं बाय, न्हाई म्हन!" तेव्हा कुठं ती म्हणाली, आणि मग तिला पिटाळलं. पुढं वरच्या वाडीतली एक शेळी बिबट्यानं नेली, तेव्हा लोक म्हणू लागले, कलाबाईनं आवतण दिलं होतं ना.

आई हसत होती, मागं आबा हसत होते, बूथवाला हसत असल्याचंही ऐकू येत होतं. मला हसू येईना. हसण्यासारखी गोष्ट होती, म्हणूनच जास्त येईना. त्या क्षणी मला वाटलं, सरळ जोहोरला जावं, इंदाईच्या त्या पोराला शोधून काढावं आणि त्याच्या शेजारी नुसतं बसून राहावं.

पुढच्या वर्षी मी सुट्टी घेतली ती वाघबारशीच्या बेतानं. तोवर सारावाकचं माझं काम वाढलं होतं, मुदत वाढवून मिळाली होती, परतीचं तिकीट खिशात होतं. डोक्यात एकच, या वर्षी वाघ मी. फाट्यावर उतरलो, पायवाटेनं घरी आलो. दारात क्लारा उभी. अंगात आईचं जुनं ब्लाऊज, डोक्याला फडकं. "लहू!" म्हणाली आणि आत पळाली, ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. "प्रवास कसा झाला?"

माझ्याच घरात मला कुणीतरी तांब्या पुढं केला, म्हणजे मी पाहुणा झालो. आईनं चुलीपाशीच डोळे पुसले आणि वर चिडवलंही, "कला, पावण्याला च्या टाक."

मी सामान ओटीवर ठेवलं आणि तिथंच झोपणार म्हणालो. क्लारानं गोधडी आणून दिली, ही तुझी आहे म्हणून. मी मोठ्या मनानं नको म्हटलं आणि थंडीनं कुडकुडत राहिलो. ती मला देवराईत घेऊन गेली आणि माझंच जांभूळ मला दाखवलं. शेकरू शेपूट लोंबवून बसलं होतं, तांबूस, झळझळीत. दोन वर्षं पांढुरकी खार बघितलेल्या माझ्या डोळ्यांना ते सहन होईना. क्लारा हळूच म्हणाली, एक शेकरू चार-चार घरटी राखून असतं. हे मला ठाऊक होतं. आबांनाही ठाऊक होतं, ते म्हणायचे, "शेकराला चार घरं, मानसाला एक बी धड न्हाई." पण तिच्या तोंडून ऐकून मला उगाच राग आला. कारण तिची आता दोन धड घरं झाली होती, आणि माझा हिशेब लागत नव्हता.

वाघबारशीच्या सकाळी मी जाहीर केलं, वाघ मी. कुणी हरकत घेतली नाही, उलट क्लारा टाळ्या वाजवू लागली. आई खिरीच्या गडबडीत, म्हणून पट्टेही क्लारानंच ओढले. सरळ आले असावेत, कारण सगळे छान म्हणाले.

शिवेवर खीर शिजली, नैवेद्य झाला. मी घोंगडं आवळून वाघोबाच्या दगडासमोर उभा राहिलो. शब्द मला लहानपणापासून पाठ होते. सारावाकच्या रानात उताणा पडलेला असताना कित्येकदा मनात म्हटले होते. आबा समोर आले. दोन वर्षांत त्यांचा सदरा त्यांना मोठा होऊ लागला होता. त्यांनी काठी आपटली.

"येशील का आमच्या शिवंला?"

आईच्या हातात पळी तशीच राहिली होती. माझ्या सॅकच्या कप्प्यात परतीचं तिकीट होतं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "येतो."

हशा फुटला. "कलाबाईचाच वाघ ह्यो!" कुणीतरी ओरडलं. "तिनंच शिकवला!" लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. गेरूखाली माझं तोंड तापलं. मला हसणाऱ्यांचा राग नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी वाडीचा नियम मोडला, तोही काळजातून, आणि ती चूकसुद्धा माझी नव्हती! तीही क्लारानं आधीच करून ठेवली होती. माझ्या गोधडीत झोपली, माझ्या झाडाखाली बसली, आणि माझ्या मनातला शब्द माझ्या आधी एक वर्ष वाडीला ऐकवून मोकळी झाली.

"आबा, पुन्यांदा इचारा!" मागून हाकारे आले. "न्हाई म्हनंस्तवर इचारा!"

आबांनी काठी उचलली. आपटली नाही.

"ऐकलं म्या," ते म्हणाले.

"अवं, पन न्हाई कुटं म्हनला? गुरांचं काय?"

"गुरांकडं मी बघीन." त्यांनी काठी काखेत धरली आणि गुडघा सांभाळत खिरीकडे वळले. "चला, खीर निवली."

कुणी मला पिटाळलं नाही. अस्वल आणि कोल्हा आपापलं "न्हाई" म्हणून शिवेपार पळाले, त्यांच्या मागं पोरं धावली. मी पट्टे ओढलेला, घोंगडं आवळलेला, तिथंच उभा होतो. थोड्या वेळानं आईनं हाक मारली आणि मी पंगतीत जाऊन बसलो.

त्याला आता वर्षं झाली. मी कुचिंगमध्येच राहिलो. बायको तिकडची, घरात तीन भाषा आणि आठवड्यातून एकदा सुकट. दिवाळी जवळ आली की शेजारी विचारतात, "बालिक कंपोंग?" गावी चाललास? आणि मी हो म्हणतो, ज्या वर्षी जमत नाही त्या वर्षीही. आमच्या डोंगरावर आता मोबाईलचा टॉवर आहे, आई माळ्यावरून फोन करते. निघताना मी अजून "येतो" म्हणतो, आणि ती पोचल्यावर विचारते, जेवलास का.

क्लाराचं काम संपलं, ती जर्मनीला परत गेली. पण फोन करते, आणि मला सोडून सगळ्यांशी बोलते. एकदा तिच्या गावी जाऊन तिच्या आईच्या घरी वर्षभर राहावं, तिच्या माळ्यावर झोपावं, असा माझा फार दिवसांचा बेत आहे. आई म्हणते, कला प्रत्येक फोनला आबांना एकच गोष्ट विचारते. मी येते म्हटलं तेव्हा तुम्ही मला परत परत विचारलंत, शेवटी नाही म्हणायला लावलंत. लहूला एकदाच का विचारलं?

आबा हसतात आणि फोन आईकडे देतात. मग आई हे सगळं मला सांगते. दर वेळी सांगते, आणि मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकतो.